पानामागचा ठसा

आमच्या ह्यांना कुठलीही वस्तू सरळ बघता येत नाही. हातात घेतली की आधी पालथी करणार. कपबशी, घड्याळ, औषधाची बाटली, पाहुण्यांनी आणलेली भेट, काहीही. एकदा शेजाऱ्यांकडे गेलो होतो, तर ह्यांनी भिंतीवरचा फोटो उतरवून त्याच्या मागचे खिळे तपासले. फोटोतल्या सासूबाई पाच मिनिटं भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या आणि घरातले सगळे चहा घेऊन ताटकळले होते.

ह्यांचं म्हणणं असं, की पुढची बाजू गिऱ्हाइकासाठी असते आणि मागची कारागिरासाठी. चाळीस वर्षं सोनारकाम केलं, तेही दुसऱ्याच्या पेढीवर. पेढीच्या कारखान्यातल्या माणसांची त्यांनी पळता भुई थोडी केली होती. दागिना घ्यायचा, पालथा करायचा, त्यावरून अंगठा फिरवायचा आणि ओरडायचं, "कड राहिली!" कड म्हणजे पत्रा कापला किंवा ठोकला की काठाला वर येते ती बारीक धार. ती दाबून बसवली नाही, तर घालणाऱ्याला टोचत राहते. "ज्याला कड कळत नाही त्यानं सोनं सोडून लाकडं फोडावीत," असं ते म्हणायचे. मी त्याच कारखान्यात पॉलिशच्या चाकावर बसायचे, त्यामुळे हे सगळं माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

आता गंमत बघा. ह्याच गृहस्थांनी स्वतःच्या बायकोसाठी जो एकुलता एक हार केला, त्याच्या मधल्या सोन्याच्या पानामागे कड राहिली होती. आणि ती एकतीस वर्षं माझ्या गळ्याला टोचत होती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय!

तुम्ही म्हणाल, मग बोलला का नाहीत? बोलणारच होते. हार पहिल्यांदा गळ्यात पडला तेव्हाच "आई गं" तोंडापर्यंत आलं होतं. पण तेवढ्यात ह्यांनी तो काढून घेतला, पालथा केला आणि भिंग माझ्या हातात दिलं. मधल्या पानामागे तांदळाच्या दाण्याएवढी हातोडी उमटलेली. पेढीवरच्या प्रत्येक दागिन्यावर मालकाचा ठसा पडायचा, कारागिराचं नावनिशाण कुठेच नाही. म्हणून ह्यांनी एक पोलादी खिळा घासून त्याच्या टोकावर स्वतःसाठी हातोडी कोरली होती. तो ठसा आयुष्यात एकदाच मारला, माझ्या हारावर. "जगात ह्या एका जागी माझं काम माझं आहे," म्हणाले, आणि त्यांचा आवाज कापला.

कड होती ती नेमकी त्या हातोडीच्या भोवती. ठसा मारला की धातू बाजूनं उचलला जातो. तो दाबायला हवा, पण पत्रा पातळ, दाबला तर हातोडीच पुसट व्हायची. म्हणून सोडली, की आनंदाच्या भरात राहून गेली, देव जाणे. भट्टीपुढे बसून ह्यांच्या अंगठ्याची कातडी इतकी निबर झालेली, की त्यांना काही लागलंच नाही. मला विचारलं, "टोचत नाही ना?"

मी म्हटलं, "छे! अगदी लोण्यासारखा आहे."

झालं. एकदा लोणी म्हटलं म्हणजे लोणीच. चाकावर धरलं असतं तर पाच सेकंदांत कड गेली असती, पण तिच्याबरोबर हातोडीही गेली असती. आणि हे दर वर्षी हार धुवायला घेतात तेव्हा पहिलं काय बघतात, तर हातोडी. मग मी शक्कल काढली. बिनरंगाचं नेलपॉलिश. हार घालायच्या आधी न्हाणीघरात जाऊन पानामागे एक थेंब लावायचा, आणि काढला की ह्यांच्या हाती लागायच्या आत पुसून टाकायचा. नखांना मी जन्मात कधी काही लावलं नाही, पण कोपऱ्यावरच्या दुकानदाराला वाटायचं, बाई वयाच्या मानानं भारी हौशी आहेत. एवढं करूनही थेंब झिजायचा आणि टोचायचंच. गळ्याच्या खळगीखाली एक बारीक खूण पडली ती पडलीच.

दोन वर्षांपूर्वी ह्यांचा उजवा हात थरथरायला लागला. काम सुटलं. तेव्हापासून घरात बसून उशा, डबे, रिमोट पालथे करत असतात. आता अभिमानानं दाखवावं असं त्यांच्याकडे एकच उरलं होतं, माझा हार. कुणी आलं की, "जरा तो आण गं." मग पालथा करून पाहुण्याच्या हाती भिंग. त्या हाराला खोट आहे हे त्यांना मरेपर्यंत कळू द्यायचं नाही, हा माझा एककलमी कार्यक्रम होता.

आणि तो आमच्या लेकीनं उधळला.

लेकही दागिने करते. म्हणजे ती त्यांना दागिने म्हणते. तिच्या कानातल्यात छोटा पडदा असतो आणि त्या पडद्यावर दुसऱ्याच कुणाचा कान दिसतो. एक अंगठी केली होती, ती घातली की आपल्या बोटाची सावली फोनवर हलायची. बोट समोर असताना त्याची सावली फोनवर कशाला बघायची, हे विचारायची सोय नव्हती. ह्यांनी ती अंगठी पालथी केली आणि म्हणाले, "गोंद दिसतोय." बस, एवढंच. त्या दिवसापासून बापलेकीचं बोलणं जेवलीस का, जेवले, इथवर आलं होतं.

म्हणून ती एका सकाळी येऊन, "बाबा, मला तुमचा हार हवाय," म्हणाली, तेव्हा आम्ही दोघंही उडालोच.

"कशाला? पडदा चिकटवायला?"

"नाही. दागिन्याकडे सगळे बघतात. दागिन्याला काय दिसतं, ते मला दाखवायचंय. साखळीला मिरीच्या दाण्याएवढा कॅमेरा लावायचा, पानाच्या पोटाकडे तोंड करून. आई एक दिवस हार घालून घरात वावरेल. मग ते भिंतीएवढं मोठं करून दाखवायचं, आणि समोर काचेच्या पेटीत तुमचा हार."

"म्हणजे मागची बाजू दाखवणार?"

"फक्त मागचीच."

ह्यांनी तिच्याकडे असं पाहिलं जणू ती आत्ताच जन्मली. "अगं, मग हे आधी नाही का सांगायचं! ही खरी कला!" दोन वर्षांत पहिल्यांदा ते खुर्चीतून कुणी न सांगता उठले. आणि मी मनातल्या मनात नेलपॉलिशची बाटली शोधायला लागले.

चित्रीकरणाच्या दिवशी मी पहाटेच उठून पानामागे थेंब लावून ठेवला, एकाऐवजी दोन. पण लेक माझ्याच पोटची. कॅमेरा बसवायच्या आधी तिनं कापूस स्पिरिटात बुडवला आणि पान खसाखसा पुसलं. "काहीतरी चिकट होतं गं इथे."

"क्रीम असेल," मी म्हटलं. शेजारी हे भिंग घेऊन उभे.

आठ तास! झाडलं, कपडे वाळत घातले, जिना चढले, उतरले, वाकून खाटेखालची चप्पल काढली. दर वेळी वाकलं की ती हातोडी कचकन रुतायची. "आई, नैसर्गिक वाग ना," लेक सांगत होती. नैसर्गिक वागले असते तर शेजारी जमा झाले असते. हे मात्र मागे मागे फिरत होते, "सावकाश, माझ्या पानाला उजेड येऊ दे," म्हणून.

तिसऱ्या दिवशी मी एकटीच लेकीच्या कामाच्या खोलीवर गेले. तिथे एकीकडे कानशी आणि पकडी, दुसरीकडे वायरींची जाळी, आणि मधे मोठा पडदा. त्यावर माझा गळा नांगरलेल्या जमिनीसारखा पसरलेला. त्यावर ह्यांची हातोडी मुठीएवढी होऊन माझ्या श्वासाबरोबर वर जायची आणि खाली यायची. आठ तासांची नऊ मिनिटं केलेली. पहिल्या मिनिटाला कातडी नुसती दबते. चौथ्याला गुलाबी होते. आठव्या मिनिटाला पान जरा सरकतं आणि खाली, जुन्या खुणेवर बरोबर बसलेली, लालभडक हातोडी दिसते.

"आई, हे काय आहे?" लेकीनं विचारलं. मी सगळं सांगितलं. नेलपॉलिशपाशी ती खो खो हसायला लागली. मग हसता हसता तिचे डोळे भरले. मग नाक पुसून म्हणाली, "माझ्या हातून झालेलं हे सगळ्यात चांगलं काम आहे."

"माझा गळा तुझं काम?"

"आई गं..."

"ते काही नाही. तेवढं काप."

"कापलं तर उरतं काय? तेवढंच तर आहे."

"आणि तुझ्या बापाचं काय उरतं? त्यांच्याकडे ह्या हाराशिवाय आहे काय आता? पोरी, माणूस खचेल गं."

तिनं पडद्यावरचं चित्र हातोडीपाशीच थांबवलं. मग म्हणाली, "मी त्यांना सांगणार नाही. पण मी लपवणारही नाही. एकतीस वर्षं तू लपवलंस, तूच सांग. प्रदर्शनाला पाच दिवस आहेत."

पाच दिवसांत मी चार वेळा तोंड उघडलं. एकदा विचारलं, चहा टाकू का? एकदा म्हटलं, तिथे फार जिने आहेत हो. एकदा गर्दीची भीती घातली. एकदा माझाच गुडघा पुढे केला, तर म्हणाले, "तू राहा घरी, मी जाईन." पाचव्या दिवशी ते केस कापून, बुटांना पॉलिश करून आले. बूट घालायच्या आधी उलटून तळवेही बघितले. मी मूग गिळून त्यांच्या मागोमाग निघाले.

प्रदर्शनाचा हॉल म्हणजे पांढराशुभ्र, रिकामा, आमचा कारखाना मावेल एवढा. मधोमध काचेची पेटी, तीत माझा हार पालथा ठेवलेला. मागे भिंत. हातात पेले घेतलेली माणसं हळू आवाजात बोलत होती. प्रदर्शन लावणाऱ्या एक बाई होत्या, लाल चष्म्याच्या. त्यांनी भाषण केलं. दागिना म्हणजे शरीरावरचा दस्तऐवज, अमुक म्हणजे तमुक. ह्यांना एक अक्षर कळलं नाही, तरी मान हलवत होते, कारण मुलीचं नाव दोनदा घेतलं गेलं होतं.

दिवे मंद झाले. भिंतीवर माझा गळा उगवला.

हे सगळ्यात पुढे. शेजारच्या अनोळखी माणसाला कोपर मारून सांगत होते, "ते पान मी केलंय. सांधा दिसतो का बघा. नाही दिसणार." मग हातोडी आली. "आणि हा माझा ठसा!" तो माणूस सौजन्यानं हसला. चौथं मिनिट झालं. ह्यांचं कोपर थांबलं. सहाव्या मिनिटाला त्यांनी खिशातून भिंग काढलं आणि तीन माणसं उंच भिंतीकडे ते भिंगातून बघायला लागले. मागे कुणीतरी फिसकन हसलं. असा राग आला मला! पण ह्यांचं लक्ष नव्हतं. ते चालत भिंतीपर्यंत गेले, त्यांची सावली माझ्या गळ्यावर पडली. त्या लाल हातोडीच्या काठावरून त्यांनी अंगठा फिरवला, जसा ते चाळीस वर्षं फिरवत आले होते.

"कड राहिलीय," ते म्हणाले. ओरडले नाहीत.

लाल चष्म्याच्या बाई धावत आल्या. "किती नेमकं बोललात! कड! शरीर आणि वस्तू यांच्यातली सीमारेषा..."

"सीमारेषा नाही हो बाई, कड. दोन मिनिटांचं काम आहे. पेटी उघडा."

"अहो, तिला आता हात लावता येणार नाही. ती कलाकृती आहे."

"मीच केलीय ती!"

"हो, पण तेव्हा तो हार होता," बाई अगदी समजुतीनं म्हणाल्या. "आणि ती कड काढली तर मग राहिलं काय?"

माझ्या लेकीचेच शब्द. ती कोपऱ्यात उभी होती, पांढरीफटक. लोक टाळ्या वाजवत होते. कुणाला तरी वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग आहे.

हे बाहेर जिन्यावर जाऊन बसले. मी शेजारी बसले. म्हणाले, "फार टोचायचं?"

"थोडंसं."

"एकतीस वर्षं थोडंसं?"

मी पायरीवरची धूळ बोटानं पुसायला लागले.

"बोलली का नाहीस?"

"तुमचं तोंड पडलं असतं."

"आणि आता काय वर आहे?"

मला हसू फुटलं, त्यांना नाही. म्हणाले, "बायको म्हणून नाही सांगितलंस, ते मी समजू शकतो. पण तू पॉलिशवाली ना गं? रोज शंभर दागिने हाताखालून काढायचीस. कारागिरानं कारागिराला सांगायला नको? सगळ्यांच्या कडा मी दाखवल्या. माझी दाखवायला एकही माणूस नव्हता माझ्याजवळ?"

इतकी वर्षं मला वाटत होतं की मी त्यांना जपतेय. तिथे जिन्यावर पहिल्यांदा माझी मलाच लाज वाटली. माफी मागायची होती, पण ती मागायचीही सवय नव्हती. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि त्यांनी तो बाजूला केला नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर ह्यांनी माळ्यावरून हत्यारांची पिशवी काढलेली आणि फोन कानाला लावलेला. "नऊ वाजता? बरं. आईला आणतो." लेकीशी बोलत होते. तिनं सांगितलं होतं, की पेटीतल्या दिव्याची बॅटरी बदलायची आहे असं सांगून मी पेटी उघडून घेते, लाल चष्म्याच्या बाई अकराशिवाय येत नाहीत.

हॉलमध्ये आम्ही तिघंच. दिवे लागले तशी भिंत आपोआप सुरू झाली, माझा गळा वरखाली व्हायला लागला. लेकीनं हार बाहेर काढला.

"कळलं तर तुझं काम काढून टाकतील," मी तिला म्हटलं.

"कळू दे. मला काल झोप नाही लागली, आई." मग बापाकडे वळून म्हणाली, "बाबा, पण दाबलं तर हातोडी जाईल. एकच ठसा आहे तुमचा."

"कळतंय मला," ते म्हणाले. "चाळीस वर्षं हेच काम केलंय."

जमिनीवर चामड्याचा तुकडा अंथरला. लेकीनं पान दोन्ही हातांनी घट्ट धरलं. ह्यांनी घोटायची पोलादी सळई उचलली आणि ती हवेतच थरथरायला लागली. एकदा टेकवली, घसरली. दुसऱ्यांदा घसरली. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले. मी खाली बसले आणि त्यांचं मनगट माझ्या दोन्ही हातांत धरलं. त्यांच्या कामाला दुसऱ्याचा हात लागलेला मी कधी पाहिला नव्हता. मला वाटलं झिडकारतील. ते म्हणाले, "जरा खाली दाब. हां. आता ओढ."

तीन डोकी एका पानावर. धातू चमकायला लागला तशी हातोडी सपाट होत गेली. आधी दांडा गेला. डोकं तेवढं राहिलं, तेही पुसट. एकतीस वर्षांपूर्वी कापलेला तो आवाज मला आठवत होता आणि मी मात्र त्यांचं मनगट दाबून ओढत होते.

"पुरे," ते म्हणाले. हार स्वतःच्या सदऱ्याला पुसला, माझ्या गळ्यात घातला. कडी लावायला त्यांना बराच वेळ लागला. मग समोर येऊन उभे राहिले.

"वाक."

मी वाकले.

"मान फिरव."

फिरवली.

"टोचतंय? आणि हे बघ, आता खोटं बोललीस तर माझ्यासारखा वाईट माणूस नाही."

हातोडीचं डोकं तेवढं उरलं होतं. जगात ह्यांच्या नावाचं म्हणावं असं तेवढंच. 'नाही' अगदी ओठांवर होतं. लेक माझ्याकडे बघत होती. हे माझ्याकडे बघत होते, शाळेतल्या पोरानं निकालाकडे बघावं तसे.

"टोचतंय," मी म्हटलं.

"कुठे?"

"डावीकडे. जिथे डोकं राहिलंय तिथे."

मग त्यांनी माझ्या गळ्यातून हार काढला, खाली बसले, आणि लेकीला म्हणाले, "धर गं. आणि तू, हात दे इकडे."